‘चुंबक’ : फसवणुकीची संथ कथा
शहागडच्या बसथांब्यावर उसाचा रस पिताना संदीप मोदी दिग्दर्शित ‘चुंबक’ (२०१८) आम्हांस हमखास आठवतो. गावच्या एसटी थांब्यावर रसवंती थाटावी, एवढेच मुंबईतील पोरसवदा वेटर बाळूचे स्वप्न. हाती पैसा नाही. म्हणून मित्र डिस्कोसह तो मोबाईलवरील संदेशांतून अनोळखी माणसांना गंडविण्याचा बेत रचतो. जाळ्यात सापडतो प्रौढ वयातही बालबुद्धी राहिलेला प्रसन्न.

लुटीच्या चित्रपटांतील धावपळ येथे नाही. बाळूच्या चेहऱ्यावर लाज उमटेपर्यंत दिग्दर्शक थांबतो. स्वानंद किरकिरे यांचा प्रसन्न हे या कृतीचे खरे बळ; त्यासाठी त्यांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. साहिल जाधवचा बाळूही सच्चा वाटतो.

उणीव अशी की, प्रसन्न इतका निष्पाप रंगविला आहे की त्याला फसविणे वाईट, हे प्रेक्षकास आयतेच उमगते. तो लोभी वा चतुर असता, तर बाळूची सद्सद्विवेकबुद्धी अधिक कसोटीस लागली असती. उत्तरार्धही काहीसा रेंगाळतो.

नाडलेला माणूस भोळा असो वा बेरकी, पाप तेच ना? हा प्रश्न मुलांपुढे ठेवण्यासाठी तरी कुटुंबाने हा चित्रपट एकत्र पाहावा, असे आम्हांस वाटते.