मरणाऱ्यांच्या गर्दीत उरणार कोण?

शोधनिबंधातला निष्कर्ष उचलावा, आकडे टिपावेत आणि पुढे जावं, अशीच आपली रीत. रस घेत वाचायला कुणी शोधनिबंध हाती घेत नाही. पण काही निबंधांची बांधणीच अशी असते की, शेवट ठाऊक असूनही ते पुन्हा वाचावेसे वाटतात. ‘नेचर इम्युनॉलॉजी’ या नियतकालिकात डिसेंबर २००३मध्ये छापून आलेला सुझन केच, रफी अहमद आणि सहकाऱ्यांचा निबंध मला असाच वाटतो. मूळचे हैदराबादचे अहमद अटलांटातल्या एमरी विद्यापीठात प्रतिकारशक्तीचा अभ्यास करत होते आणि केच त्यांच्या प्रयोगशाळेत होत्या. एकदा येऊन गेलेल्या विषाणूची आठवण टी-पेशी दीर्घकाळ राखतात. ती राखणाऱ्या पेशी मुळात येतात कुठून, हा निबंधाचा विषय.

स्मृतीवरच्या या निबंधाची सुरुवात मात्र होते मरणापासून. विषाणू शरीरात शिरला की, त्याला ओळखणाऱ्या मोजक्या टी-पेशी भराभर दुणावतात, त्यांची प्रचंड फौज उभी राहते, संसर्गग्रस्त पेशी मारल्या जातात. विषाणू संपतो आणि मग ही फौजही संपते. तिच्यातल्या जेमतेम ५ ते १० टक्के पेशी मागे राहतात. पुढची आठवण त्यांच्याच भरवशावर. हे सगळं त्या काळी माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच की, ऐन भरात आलेल्या त्या गर्दीकडे पाहून उद्या उरणार कोण, हे आजच सांगता येईल का? लेखक सारांशाच्या पहिल्याच वाक्यात हा प्रश्न मांडतात आणि अखेरपर्यंत त्याची पाठ सोडत नाहीत. विषयाचा पसारा किती मोठा आहे, हे दाखवण्याचा मोह इथे सहज झाला असता. तो टाळल्यामुळे निबंध एका धाग्यावर ताठ उभा राहतो.

प्रयोगासाठी निवडलेलं जगही तितकंच आखीव. उंदीर आणि एलसीएमव्ही नावाचा विषाणू, त्यातही ‘आर्मस्ट्राँग’ हा वाण. चार्ल्स आर्मस्ट्राँग यांनी १९३३मध्ये, सेंट लुईसमधल्या मेंदूज्वराच्या साथीचा माग काढताना तो वेगळा केला होता. या वाणाचा संसर्ग उंदराचं शरीर आठवडाभरात आटोक्यात आणतं आणि टी-पेशींची संख्या साधारण आठव्या दिवशी शिगेला पोचते. म्हणजे गर्दी सर्वांत मोठी असलेला आणि ओसरायला लागण्याच्या अगदी आधीचा क्षण संशोधकांना नेमका ठाऊक होता. शिवाय त्यांनी वापरलेल्या टी-पेशी विषाणूचा एकच ठरावीक तुकडा ओळखणाऱ्या होत्या. हे वाचताना तांत्रिक तपशील वाटतो, पण त्यामुळे एक पळवाट बंद होते. काही पेशी जगल्या त्या विषाणूला जास्त चांगलं ओळखत होत्या म्हणून, असं आता म्हणता येत नाही. ओळख सगळ्यांची सारखीच. फरक शोधायचा तो दुसरीकडे.

तो सापडतो इंटरल्यूकिन-७ या रासायनिक निरोपाजवळ. अस्थिमज्जेतल्या आणि लसिका ग्रंथींमधल्या आधारपेशी हे प्रथिन स्रवतात. १९८८मध्ये ते ओळखलं गेलं तेव्हा बी-पेशींच्या वाढीशी त्याचा संबंध जोडला गेला होता. पुढे टी-पेशींनाही ते जगवतं, हे कळलं. मात्र निरोप नुसता हवेत असून भागत नाही, तो घेणारा रिसेप्टर पेशीच्या अंगावर लागतो. विषाणूशी गाठ पडण्याआधी प्रत्येक टी-पेशीवर तो असतो. संसर्ग सुरू झाला की, बहुतेक पेशी तो गमावतात. पण आठव्या दिवशीच्या गर्दीत एका लहान गटावर तो भरपूर दिसतो. याच गटात पेशीचं मरण रोखणाऱ्या, बीसीएल-२सारख्या रेणूंचं प्रमाणही अधिक असतं.

सामान्य निबंध इथे थांबला असता. दोन गोष्टी बरोबर दिसल्या, संबंध सुचवला, झालं. इथे मात्र निबंधाचा कळसाध्याय सुरू होतो. आठव्या दिवशी लेखकांनी रिसेप्टर भरपूर असलेल्या आणि नसलेल्या पेशी वेगळ्या केल्या आणि कधीच संसर्ग न झालेल्या निरनिराळ्या उंदरांत सोडल्या. मूळ गर्दी नाही, विषाणू नाही, आजूबाजूचा गोंगाट नाही. पहिल्या गटातल्या पेशी टिकल्या, स्मृतिपेशी झाल्या आणि पुढच्या संसर्गात त्यांनी संरक्षणही दिलं. दुसऱ्या गटातल्या पेशी बहुतांशी विरून गेल्या. मळणी उरकण्याआधीच शेतकरी पुढच्या हंगामाचं बियाणं बाजूला काढतो, तसं शरीरही ऐन धामधुमीत उद्याची तरतूद वेगळी राखतं, हे या एका मांडणीतून डोळ्यांसमोर येतं.

आणि तरीही लेखक हात आखडता घेतात, हे मला या निबंधाचं खरं सौंदर्य वाटतं. रिसेप्टरमुळे स्मृती घडते, असं ते म्हणत नाहीत. ज्यांच्यावर तो आहे, त्यांच्यातून स्मृतिपेशी होतील, इतकंच सांगतात. खूण सापडली आहे. कारण सापडल्याचा दावा नाही. शेतकरी बियाणं निवडतो ते पारखून. इथे पारखणारा कोण, हे या प्रयोगातून कळत नाही, आणि कळल्याचा आवही कुणी आणत नाही.

हा संयम किती मोलाचा, हे चार वर्षांनी कळलं. केच तोवर येल विद्यापीठात गेल्या होत्या. २००७मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेने असे उंदीर वापरले, ज्यांच्या टी-पेशींवर हा रिसेप्टर मुद्दाम कायम ठेवलेला होता. गर्दी तरीही नेहमीसारखीच ओसरली. म्हणजे रिसेप्टर स्मृतीसाठी आवश्यक, पण एकटा अपुरा. त्याच वर्षी याच गटाच्या दुसऱ्या निबंधाने निवड कशी होते, यावर प्रकाश टाकला. संसर्गाच्या काळात दाह जितका तीव्र आणि इंटरल्यूकिन-१२ हा निरोप जितका जास्त, तितकं पेशीत टी-बेट हे प्रथिन वाढतं. ते खूप वाढलं, तर पेशी लढते आणि अल्पायुषी ठरते. बेताचं राहिलं, तर स्मृतीची वाट मोकळी होते. एक निरोप पेशीला आता झुंजायला लावतो, दुसरा, म्हणजे इंटरल्यूकिन-७, तिला पुढे जगवतो आणि पुढे इंटरल्यूकिन-१५ हा तिसरा तिला सावकाश दुणावत ठेवतो. आठवण या निरोपांच्या तोलातून घडते. २००३च्या निबंधाने रिसेप्टरलाच कारण ठरवलं असतं, तर २००७च्या प्रयोगाने तो खोडून काढला असता. तसं झालं नाही. नवी माहिती जुन्या मजकुरावर सहज बसली.

एक उणीव दाखवायची, तर हे सारं घडतं प्रयोगशाळेतल्या उंदरांत, आठवडाभरात आटोपणाऱ्या संसर्गात. माणसाच्या दीर्घायुष्याचं काय? त्याचं उत्तर २०१७मध्ये रमा अकोंडी, अहमद आणि सहकाऱ्यांनी दिलं. पीतज्वराची लस घेतलेल्या स्वयंसेवकांना त्यांनी जड पाणी प्यायला दिलं, म्हणजे त्या दिवसांत दुणावणाऱ्या पेशींच्या डीएनएवर कायमची खूण राहील. पुढे स्मृतिपेशी तपासल्या तेव्हा कळलं की, लस घेतल्यावरच्या पहिल्या दोन आठवड्यांत जोमाने दुणावलेल्या पेशींचीच ती वंशावळ होती. त्यानंतर त्या वर्षातून एकदाही विभागत नव्हत्या.

२००३च्या निबंधाच्या सारांशाचं शेवटचं वाक्य लसीकडे वळतं. संसर्गानंतर किंवा लसीनंतर किती स्मृतिपेशी तयार होतील, याचा अंदाज या खुणेवरून कदाचित बांधता येईल, एवढंच ते सुचवतं. त्यातल्या ‘कदाचित’मध्ये भीडभाड नाही, हिशेब आहे. पुराव्याने जिथवर नेलं, तिथवर लेखक गेले आणि पुढची वाट इतरांसाठी मोकळी ठेवली. निष्कर्ष ठाऊक असूनही हा निबंध पुन्हा वाचायचा, तो हे थांबणं पाहण्यासाठी.