आळेकर, सतीश : नाटकांतील अतिवास्तव व भयानक

(३० जानेवारी १९४९– ). मराठी नाटककार, दिग्दर्शक व नट. जन्म दिल्ली येथे, जडणघडण पुण्यात. १९७३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ‘थिएटर अ‍ॅकॅडेमी’ या संस्थेच्या संस्थापकांपैकी ते एक होत. त्यांच्या नाट्यदृष्टीचे विशेष महानिर्वाण (१९७४) व बेगम बर्वे (१९७९) या दोन नाटकांत ठळकपणे दिसून येतात.

भरताच्या नाट्यशास्त्रात बीभत्सापासून भयानकाची व शृंगारापासून हास्याची उत्पत्ती सांगितली आहे. आळेकर हा क्रम मोडतात. ते बीभत्सातूनच हास्य निर्माण करतात. भय मागाहून, हसू ओसरल्यावर येते. भय व हास्य यांचे साहचर्य लोकरंगभूमीला अपरिचित नव्हते. कोकणच्या दशावतारातील संकासुर भिववतो आणि हसवतोही. तो मात्र उघडच राक्षसाचे सोंग असतो. आळेकरांचे भय चाळीतल्या रोजच्या घरात वावरते.

महानिर्वाणातील भाऊराव मेलेला आहे आणि कीर्तनकाराच्या थाटात स्वतःच्याच मरणाचे आख्यान लावतो. बंद होऊ घातलेल्या जुन्या स्मशानातच आपले दहन व्हावे, असा त्याचा हट्ट असल्याने प्रेत घरातच राहून नासू लागते. यूजीन आयनेस्कोच्या आमेदे (१९५४) या नाटकातही घरात प्रेत आहे व ते वाढत जाते. पण ते मूक आहे. भाऊराव बोलतो, गातो, तक्रार करतो. त्याची पत्नी रमा मात्र खांदेकऱ्यांपैकी काळा चष्मा लावलेल्या एका पुरुषाच्या विचारात रमते, तर चाळकरी लोकरीतीप्रमाणे शोक उरकतात. प्रेत बोलते याचे कोणालाच नवल वाटत नाही; खरे भयानक आहे ते हेच. कीर्तनाची परिचित चौकट अशक्य गोष्टीला सहज सामावून घेते. त्यामुळे अतिवास्तव येथे परकीय वाटत नाही.

बेगम बर्वेमध्ये प्रेत नाही; त्याची जागा एका मृत रंगभूमीने घेतली आहे. संगीत नाटकांत किरकोळ स्त्रीभूमिका केलेला बर्वे आता उदबत्त्या विकतो व श्यामरावाच्या जाचाखाली जगतो. जावडेकर व बावडेकर या दोन कारकुनांचे स्वप्न आणि त्याचे स्वप्न एकमेकांत मिसळतात. तो त्यांच्या कल्पनेतील नलावडेबाई होतो. लग्न व डोहाळे इथवर हे स्वप्न जाते. नाट्यपदांच्या गोडव्यात प्रेक्षकही त्यात गुंततो. श्यामराव येऊन हा भ्रम मोडतो, तेव्हा प्रेक्षकाला स्वतःचाही स्मरणरंजनाचा आधार निसटल्यासारखे वाटते. या प्रसंगातील क्रौर्य महानिर्वाणातील कुजण्यापेक्षा अधिक भेदक आहे.

या नाट्यदृष्टीला मर्यादाही आहेत. स्त्री येथे बहुधा पुरुषांच्या भयाचा वा इच्छेचा विषय म्हणून येते. रमेला स्वतःचे स्वप्न आहे, पण आख्यान भाऊरावाच्या ताब्यात आहे. नलावडेबाई तर कल्पनेतच राहते. तसेच कीर्तन व नाट्यसंगीत यांचे संस्कार नसलेल्या प्रेक्षकाला विडंबनाचा बराचसा भाग हुकतो.

असे असले, तरी भय निर्माण करण्यासाठी अंधार वा पिशाच यांची गरज नसते, परंपरेचा लाडका सूरही त्यासाठी पुरतो, हे आळेकरांनी मराठी रंगभूमीवर सिद्ध केले. त्यांना १९९४ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार व २०१२ मध्ये पद्मश्री हा किताब मिळाला.