नाक मुरडणारा शब्द

लॅटिनमध्ये तुच्छतेसाठी शब्दांची कमी नाही. 'देस्पिकेरे' म्हणजे शब्दशः वरून खाली बघणं. 'कोन्तेम्नेरे' म्हणजे किंमत न देणं, खिजगणतीत न धरणं. दोन्ही शब्द उघड आहेत. 'फास्तीदिउम' मात्र पोटातून येतो. लुईस आणि शॉर्ट यांच्या १८७९च्या लॅटिन कोशात त्याचे अर्थ मळमळ, अन्नाची नावड इथून सुरू होतात आणि पुढे माणसांबद्दलच्या तुच्छतेपर्यंत, गर्वापर्यंत जातात.

कोशात हे वेगवेगळे अर्थ म्हणून छापलेत, पण मला त्यात वापरणाऱ्याची मोठी सोय दिसते. मी कुठे तुला कमी लेखतोय, माझ्या पोटालाच सहन होत नाही!

होरेसची शहरी आणि गावाकडच्या उंदराची गोष्ट बघा. इ.स.पू. ३०च्या सुमाराची. गावचा उंदीर साठवलेले हरभरे, ओट, मनुका, डुकराच्या चरबीचे कुरतडलेले तुकडे असं होतं नव्हतं ते सगळं पाहुण्यापुढे मांडतो आणि स्वतः भुशावर बसून हलकं धान्य खातो. शहरी पाहुणा एकेका पदार्थाला जेमतेम दात लावतो. त्याच्या या नखऱ्याला होरेस 'फास्तीदिउम'च म्हणतो. रॉबर्ट कास्टर या अभ्यासकाने या शब्दाच्या वापराचे दोन प्रकार सांगितलेत: आपोआप उसळणारी किळस, आणि वर-खाली प्रतवारी ठरवून आलेली नावड. विभागणी उपयोगी आहे, पण या उंदराला कुठे टाकायचं? त्याला खरंच भूक नाही की यजमान गावंढळ वाटतोय? मला वाटतं, त्याचं त्यालाही सांगता येणार नाही.

हे मी इतक्या खात्रीने म्हणतो कारण मी तो उंदीर होतो. पुण्यात फ्लॅटवर राहायचो तेव्हा अलिबागकडचा रूममेट एका रविवारी गॅसवर सुके बोंबील भाजत होता. मी खिडक्या उघडल्या आणि म्हणालो, "बाकी काही नाही रे, फक्त वास सहन होत नाही." त्याने गॅस बंद केला. पुन्हा कधी घरात बोंबील आणले नाहीत. त्याच महिन्यात मी ब्लू चीजचा पिझ्झा मागवून सगळ्यांना आग्रहाने खायला घातला होता. वासात ते चीज बोंबलाला हार जाणारं नाही. माझ्या नाकाला हा फरक कुणी शिकवला होता, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. मळमळ खोटी नव्हती, एवढं मात्र सांगतो.

या शब्दाची पुढची पिढीही बघण्यासारखी आहे. इटालियनमध्ये 'फास्तीदिओ' म्हणजे कटकट, स्पॅनिशमध्ये 'आस्तीओ' म्हणजे वीट. इंग्रजीतल्या 'फॅस्टिडियस'मध्ये मात्र आता चोखंदळपणा आलाय. त्याचा जुना अर्थ तुच्छतेने बघणारा असा होता. आज तो शब्द कुणी आपल्याला लावला तर आपण बहुतेक थँक्यू म्हणू.

सगळ्यात जास्त मला अडवलं ते व्हर्जिलने. त्याच्या गोपकवितांपैकी चौथीत हाच शब्द आईच्या गर्भारपणातल्या त्रासासाठी येतो. तिथे गर्वाचा लवलेश नाही. दुसरीत कोरिडॉन हा मेंढपाळ अलेक्सिसवर भाळलाय आणि अलेक्सिस त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. सुरुवातीला कोरिडॉन स्वतःबद्दल 'देस्पिकेरे'चं रूप वापरतो: मला खालचा समजलास. शेवटी स्वतःची समजूत घालताना मात्र त्याच्या तोंडी 'फास्तीदिउम'चं क्रियापद येतं. हा नाही तर दुसरा अलेक्सिस मिळेल, असं तो म्हणतो. ज्याच्यावर नाक मुरडलं जातंय तोच इथे हा शब्द उचलतो, आणि प्रश्न त्याच्या लायकीचा न राहता अलेक्सिसच्या जिभेचा होतो.

मी त्या क्रियापदाला मराठी शब्द शोधून पाहिला. 'तुच्छ लेखणे' घेतलं तर पोट निघून जातं. 'रुचत नाही'मध्ये जीभ आहे, पण अलेक्सिस फारच सभ्य होतो. 'वीट येणे'साठी आधी पोटभर खाल्लेलं असावं लागतं, आणि त्याने तर चवही घेतलेली नाही. सध्या 'नाक मुरडणे'वर थांबलोय. निदान नाक कुणाचं ते त्यात लपत नाही.