आबांचं अस्वल आणि अँडरसनचं

आमच्या घरात शिकारीच्या दोनच गोष्टी होत्या. एक हरणांची, एक अस्वलाची. हरणांची कुणी मन लावून ऐकायचं नाही, कारण तिच्यात फारसं काही घडतच नसे. अस्वलाची मात्र पाहुणे आले की हमखास व्हायची आणि आम्ही पोरं हसून लोळायचो.

आबा, म्हणजे माझे आजोबा, शिरूर-पाटोद्याकडच्या मुरमाड माळावर काळवीट मारायचे. हे सगळं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याआधीचं. (काळवीट खरं तर शास्त्राच्या हिशेबाने हरीण नव्हे, कुरंग. त्याची शिंगं दरवर्षी गळत नाहीत. पण बीडमध्ये हे कुणाला सांगून बघा.) उघड्या माळावर कळप अर्ध्या कोसावरून माणूस ओळखतो. पण बैलगाडी रोजचीच, तिला तो बुजत नाही. म्हणून आबा गाडीच्या आडोशाने, बैलाच्या चालीने चालायचे. वारा बघायचा, आडवा नर निवडायचा, खांद्यामागे नेम धरायचा. दोन तास चालणं आणि एक बार, एवढीच गोष्ट.

1960 च्या आसपास त्यांना किनवटच्या जंगलात कुणी ओळखीच्याने बोलावलं. ‘हरणं फार झाली, आता अस्वल बघू,’ असं म्हणून आबा निघाले. पुढचा भाग ते नक्कल करून सांगायचे. मोहाच्या झाडाखाली फुलं वेचत बसलेलं अस्वल, यांचा बार, अस्वलाचं माणसासारखं विव्हळणं, मग त्याचं थेट यांच्या दिशेने येणं, आबांचं धोतर काटेरी झुडपात, बंदूक कुठे, चप्पल कुठे. ‘लागलं की पळतं ते हरीण, लागलं की येतं ते अस्वल!’ इथे सगळे हसायचे. गोष्ट संपायची.

केनेथ अँडरसनच्या ‘मॅन-ईटर्स अँड जंगल किलर्स’ (1957) या पुस्तकात म्हैसूरच्या काळ्या अस्वलावर एक प्रकरण आहे. मी ते अलीकडे मोबाईलवर एका रात्रीत वाचलं. आणि आबांची गोष्ट मला पुन्हा हसत ऐकता येईना.

शिकारकथांचा एक ठरलेला जिना असतो. खाली ससा-तितर, मग हरीण, मग डुक्कर, अस्वल, बिबट्या आणि माथ्यावर वाघ. वाचणाऱ्यालाही वाटू लागतं, की खालची पायरी जमली म्हणजे वरचीला पाय ठेवायला हरकत नाही. मला हा जिनाच खोटा वाटतो. काळवीट डोळ्यांनी जगतं, म्हणून शिकारी दुरून, लपत, आवाज न करता जायला शिकतो. अस्वलाची नजर आणि कान बेताचे, नाक मात्र तिखट. उधई नाहीतर मोह खाण्यात गुंगलेल्या अस्वलाजवळ आवाज न करता जाणं म्हणजे त्याला दचकवणं, आणि दचकलेलं अस्वल हल्ला करतं. जंगलातली माणसं म्हणूनच बोलत, खाकरत चालतात. नेमाचंही तसंच. काळवीटाचं अंग दिसतं तेवढंच असतं. अस्वलाच्या लांब केसांमुळे अंग कुठे संपलं आणि केस कुठे सुरू झाले हे कळत नाही, त्यामुळे गोळी नुसती चाटून जाऊ शकते. थोडक्यात, माळावर कमावलेली प्रत्येक चांगली सवय आबांना किनवटला नडली.

अँडरसनला हे माहीत होतं. त्याच्या प्रकरणातलं सगळ्यात खरं माणूस मात्र तो स्वतः नव्हे, आलम बक्ष आहे. अर्सिकेरेजवळच्या एका दर्ग्याची राखण करणारा म्हातारा, ज्याचा तरुण मुलगा या अस्वलाने मारला. अँडरसन शिकारीला येतो तो या बापाच्या सांगण्यावरून. ब्रिटिश शिकारसाहित्यात अस्वल बऱ्याचदा विदूषक असतं. ते कोलांट्या खातं, विव्हळतं, साहेब हसतो. आपल्याकडेही दरवेशाच्या दोरीला बांधलेलं अस्वलच ओळखीचं, भीती जावी म्हणून ज्याच्या पाठीवर पोरं बसवायचे. आलम बक्षच्या दारात हे हसू थांबतं. निदान बारा माणसं मारणाऱ्या जनावरावर विनोद करता येत नाही, आणि अँडरसन तो करत नाही. इथे मी त्याला मानतो.

पण हे अस्वल असं का झालं? यावर त्याच्याजवळ ऐकीव गोष्टी आहेत. कुणी म्हणे मादी होती, तिची पिल्लं गेली. कुणी म्हणे नर होता, त्याने मुलगी पळवून नेली आणि गावाने ती सोडवून आणली. दुसरी गोष्ट मी लहानपणी आमच्या आजीकडूनही ऐकलीय, फक्त गाव वेगळं. यापेक्षा साधी शक्यता ही, की कधीतरी कुणीतरी त्याला जखमी करून सोडून दिलं असावं. अँडरसन स्वतःची पायपीट पानंच्या पानं सांगतो, हुकलेल्या रात्री सांगतो, पण अस्वलाच्या या मागच्या आयुष्यावरून भराभर पुढे जातो. माझ्या मते प्रकरणाचा खरा आरंभ तिथे होता, आणि तो लिहिलाच गेला नाही.

तो लिहायला अँडरसन नकोच होता. तो आबांनी लिहायला हवा होता.

शिकारी घरी पोचला की शिकारकथा संपते. व्यंकटेश माडगूळकरांनी बंदूक ठेवली आणि वही घेऊन नागझिऱ्यात बसले, याचं आपण कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. ‘नागझिरा’ मला अँडरसनच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा जवळचं आहे. तरी बदललेल्या शिकाऱ्याची गोष्टसुद्धा शेवटी शिकाऱ्याचीच असते. आधी मारलेल्यांचा, त्याहून अर्धवट मारलेल्यांचा हिशेब तिच्यात क्वचितच येतो. मार्च 2025 मध्ये शिरूर कासारच्या हरणांच्या शिकारीच्या बातम्या आल्या, तेव्हा आमच्याकडे सगळे संतापले. मीही. त्याच आठवड्यात घरी पाहुणे होते आणि कुणीतरी वडिलांना म्हणालं, ‘दादा, ते आबांचं अस्वल सांगा की.’

वडिलांनी सांगितलं. धोतर, झुडूप, चप्पल, सगळं. पाहुणे हसले. ते गेल्यावर मी विचारलं, ‘गोळी लागली होती ना त्याला?’

‘लागली होती की. रक्त होतं म्हणत पाल्यावर.’

‘मग आबा मागावर गेले नाहीत?’

‘अरे, रात्रीची गाडी होती परतीची.’

‘आणि सकाळी मोहाची फुलं वेचायला तिथे कोण गेलं असेल?’

वडील माझ्याकडे बघत राहिले. मग उठून कपबश्या गोळा करू लागले.