‘देवराई’नंतरचं घर

‘देवराई’ पाहिलेले किती जण आहेत इथे? बरेच हात वर आले, म्हणजे कथा सांगत बसत नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा 2004 सालचा चित्रपट. कोकणातला शेष देवराईच्या ध्यासात हळूहळू स्किझोफ्रेनियात ओढला जातो आणि त्याची बहीण सीना त्याला सावरायला बघते. निर्मितीमागे डॉ. जगन्नाथ वाणी होते. कॅनडात कॅल्गरीला संख्याशास्त्र शिकवणारे, हा आजार स्वतःच्या घरात पाहिलेले. पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनही त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली.

या चित्रपटाचे उपकार मोठे आहेत. पडद्यावरचा वेडा म्हणजे विस्कटलेले केस आणि खदाखदा हसणं, ही आपली सवय. अतुल कुलकर्णींचा शेष शेजारच्या घरातला वाटतो, आणि सोनाली कुलकर्णींच्या सीनाची दमणूक तर खरीच वाटते. तरी माझी एक तक्रार आहे. ‘देवराई’ने आपल्याला भास आणि भ्रम ओळखायला शिकवलं, पण औषधांनी ते ओसरल्यावर घरात जे उरतं, त्यावर चित्रपटाचा भर नाही.

काय उरतं? एक करून बघू. सात, दोन, नऊ, चार. आता उलटे म्हणा... चार, नऊ, दोन, सात. छान. आकडे क्षणभर डोक्यात धरायचे आणि त्याच वेळी फिरवायचे, ही वर्किंग मेमरी. बॅडली आणि हिच यांनी 1974 मध्ये तिची मांडणी केली. आपल्या भाषेत सांगायचं तर हा स्वयंपाकघरातला ओटा. डबे फडताळात असतात, पण काम ओट्यावर होतं. या आजारात बऱ्याच जणांचा ओटा अरुंद होतो. ‘चहाचं आधण ठेव, दूध आण आणि येताना गॅसवाल्याला विचार’ म्हटलं, की माणूस दारातच थबकतो. घर म्हणतं, आळशी झालाय. तो आळस नसतो, हो!

पार्क आणि हॉल्झमन यांनी 1992 मध्ये हे नेमकं तपासलं. पडद्यावर एक ठिपका दाखवायचा, घालवायचा, काही सेकंदांनी विचारायचं, कुठे होता? स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या चुका जास्त झाल्या. पॅट्रिशिया गोल्डमन-राकिक यांनी माकडांवर काम करून दाखवलं होतं, की वस्तू नजरेआड गेली तरी कपाळामागच्या भागातल्या काही पेशी तिची जागा जणू धरून ठेवतात. तिथलंच हे काम विस्कळीत होतं, असं मानलं जातं.

मग कुणीतरी विचारतंच, ‘एमआरआयमध्ये दिसतं का?’ 1976 मध्ये जॉनस्टोन आणि सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनवर रुग्णांच्या मेंदूतल्या पोकळ्या मोठ्या दाखवल्या. 2016 मध्ये एनिग्मा या गटाने 2028 रुग्ण आणि 2540 निरोगी माणसं यांची तुलना केली. रुग्णांचा हिप्पोकॅम्पस सरासरीने लहान निघाला. सरासरीने, हा शब्द सोडू नका. दोन्ही गटांतली माणसं एकमेकांत इतकी मिसळलेली असतात, की एकट्या स्कॅनवरून आजार सांगता येत नाही. शिवाय औषधांचाही मेंदूच्या आकारमानावर थोडा परिणाम होत असावा, हा वाद चालू आहे. तेव्हा स्कॅनची फाईल घेऊन पुराव्यासाठी पळू नका.

चित्रपटाकडे परत येतो. भास दाखवायला कॅमेऱ्याला आवडतं. जंगल, कुजबुज, सावल्या... दिसायला देखणं असतं ते. ‘देवराई’त आजार थोडासा कल्पनेचा अतिरेक वाटतो, सुंदरही वाटतो. उणीव देखणी नसते. दूध आणायला निघालेला माणूस कोपऱ्यावर उभा राहून आठवतोय, याचं छायाचित्रण काय करणार? ‘ती कलाकृती आहे, पाठ्यपुस्तक नाही,’ असं कुणी म्हणेल. मान्य. पण जनजागृतीची तळमळ पाठीशी असलेल्या चित्रपटाकडे एवढं मागणं जास्त नाही.

हे मी कोनमध्ये मुद्दाम बोलतोय, कारण कर्जत इथून लांब नाही. तिथे डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था आहे. त्यांना 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावर भटकणारे मनोरुग्ण तिथे उपचार घेतात, गावाचं नाव सांगू लागतात आणि घरी पोचवले जातात. वर्षानुवर्षं हरवलेल्या माणसाला गाव आठवतं! फडताळ शाबूत असतं. पण घरी पोचल्यावर पुढे काय? तीन कामांतलं एकच झालं, की लोक समजतात औषध लागू पडलं नाही, आणि गोळ्या बंद करतात. मग आवाज परत येऊ शकतात. आवाज कमी करणाऱ्या गोळ्या ओटा फारसा रुंद करत नाहीत, एवढं आधी कुणी सांगितलेलं नसतं. त्यासाठी मेंदूचा सराव करून घेणारे वेगळे कार्यक्रम आहेत. त्यांचा फायदा माफक असतो, कामाच्या प्रशिक्षणाबरोबर केले तर जास्त. आणि घरच्यांना तर आजपासून करता येईल: एका वेळी एकच काम सांगायचं, बाकीची कागदावर लिहून द्यायची.

सीना आणि शेषचा उत्तरार्ध कुणी काढलाच, तर त्यात फ्रीजवर अशी एक चिठ्ठी चिकटवलेली मला बघायची आहे. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.