समुद्रात मीठ नसते

मीरा-भाईंदरमधल्या बेव्हर्ली पार्कातल्या कोणत्याही वाण्याकडे खडेमीठ मिळते आणि याच शहराच्या हद्दीत मिठागरेही आहेत. तरी मिठाकडे रसिकाच्या नजरेने कोण पाहतो? एखादा टपोरा खडा भिंगाखाली धरावा. कडा काटकोनात, आणि मधोमध बारवेसारखा पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेला चौकोनी खळगा. कडा भराभर वाढतात, मधला भाग मागे राहतो. ती घाई खड्यावर कोरलेली असते.

पण खरी बहार खड्याच्या आधीची. भरतीचे पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, मिठागरात शिरते तेव्हा त्यात मीठ असे नसतेच. किलोभर समुद्रपाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, पण सुट्या आयनांच्या रूपात: सोडियम, क्लोराइड, मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम. प्रत्येकाभोवती पाण्याच्या रेणूंचे कडे. कोण कोणाचा, हे ठरलेलेच नाही. विरघळलेल्या क्षारांच्या या फाटाफुटीची बीजे स्वांते अऱ्हेनियसने १८८४ साली उप्सालाच्या प्रबंधात मांडली, तेव्हा परीक्षकांनी नाके मुरडली. १९०३ साली त्याच सिद्धान्तासाठी त्याला नोबेल मिळाले.

जोड्या जमतात त्या पाण्याबाहेर पडताना. उन्हाने पाणी आटते आणि ज्याची विद्राव्यता कमी, तो आधी तळ गाठतो. पहिला मान कॅल्शियम कार्बोनेटचा. मग जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, कारण शंभर ग्रॅम पाण्यात ते जेमतेम पाव ग्रॅम मावते. मीठ मावते ३६ ग्रॅम. म्हणून मूळ पाण्याचा दहावा हिस्सा उरेपर्यंत ते दम धरते. उकळत्या पाण्यातही ही मर्यादा ३९च्या आसपासच. अर्थात द्रावण नुसते गार करून मीठ फारसे हाती लागत नाही, पाणीच उडवावे लागते. कोकणातल्या कोरड्या महिन्यांचे ऊन-वारे इथे कामी येतात.

शेवटी मागे राहतो मॅग्नेशियम, चवीला कडू. हे उरलेले कडू पाणी केव्हा सोडून द्यायचे, यात आगरवाल्याचे कसब. लवकर सोडले तर मीठ वाया, उशीर केला तर कडवटपणा खड्यात. थोडा मॅग्नेशियम क्लोराइड तरीही चिकटून येतोच, आणि पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढून बरणीतल्या मिठाला पाणी सोडायला लावतो. कारखान्याचे मीठ धुऊन, सुकवून या खुणेपासून मुक्त केलेले असते. ते सोयीचे खरे. पण समुद्र कुठे थांबला आणि माणसाने त्याला कुठे थांबवले, हे वाचायचे तर खडेमीठच घ्यावे.