महास्फोटाची गोष्ट आपण नीट सांगतो का?

डॉ. जयंत नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. पुढच्या महिन्यात शाळा उघडल्यावर सोलापुरात काही विज्ञान शिक्षकांबरोबर बसण्याचा योग आम्हाला आला. तेव्हा एका बाईंनी आपली अडचण मांडली. शाळेत नारळीकरांना श्रद्धांजली वाहिली, त्यांच्या कार्याची माहिती सांगितली. त्यावर नववीतल्या एका मुलाने विचारले, "बाई, विश्व महास्फोटातून झालं असं आपण शिकतो. नारळीकर सरांना तर महास्फोट मान्य नव्हता. मग चुकतंय कोण?" मोठ्या शास्त्रज्ञांत मतभेद असतातच, असे सांगून बाईंनी वेळ मारून नेली. "पण माझं उत्तर मलाच पटलं नाही," असे त्या म्हणाल्या.

मुलाचा प्रश्न फार चांगला आहे, आणि उत्तर सापडले नाही हा दोष बाईंचा नाही. महास्फोट सिद्धांताच्या जन्माची जी गोष्ट आपल्याकडे पुस्तकांतून, भाषणांतून आणि भित्तिपत्रकांतून सांगितली जाते, तिच्यात या प्रश्नाला जागाच ठेवलेली नाही. ती गोष्ट साधारण अशी असते: हबल यांनी १९२९ मध्ये दुर्बिणीतून दीर्घिका दूर पळताना पाहिल्या; म्हणजे पूर्वी सगळे एका बिंदूत होते; त्या बिंदूचा प्रचंड स्फोट झाला आणि विश्व जन्माला आले. गोष्ट सुटसुटीत आहे, पाठ होते आणि परीक्षेत गुणही मिळवून देते. तरीही तिच्यात तीन मोठे दोष आहेत. ते एकेक करून पाहू.

नावाचा घोटाळा

पहिला दोष 'स्फोट' या शब्दाचा. हे नाव सिद्धांत मांडणाऱ्यांनी दिलेले नाही. सिद्धांताचे कट्टर विरोधक फ्रेड हॉईल यांनी २८ मार्च १९४९ रोजी बीबीसी नभोवाणीवरच्या भाषणात 'बिग बँग' असा शब्द वापरला आणि तोच पुढे रूढ झाला. हॉईल यांनी तो हिणवण्यासाठी वापरला असे पुष्कळांनी लिहिले आहे. श्रोत्यांपुढे चित्र उभे राहावे एवढाच हेतू होता, असे हॉईल स्वतः सांगत. हेतू काहीही असो, चित्र चुकीचे उभे राहिले. मराठीत 'महास्फोट' म्हटल्याबरोबर मुलांच्या डोळ्यांसमोर दिवाळीतला सुतळी बॉम्ब येतो. त्याला एक मध्य असतो, बाहेर रिकामी जागा असते आणि त्या जागेत तुकडे उडतात. सिद्धांतात यातले काहीच नाही. विश्वाला मध्य नाही, आणि आधीपासून असलेल्या रिकाम्या जागेत कोणी काही फेकलेले नाही. दीर्घिकांमधले अंतरच वाढत आहे.

हे वर्गात दाखवणे सोपे आहे. आमच्या सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने पुष्कळ आहेत. तिथे इलॅस्टिकची पट्टी सहज मिळते. चाळीस सेंटिमीटरची पट्टी घ्या आणि दर पाच सेंटिमीटरवर खूण करा. दोन मुलांना पट्टी दोन्ही बाजूंनी ताणायला सांगा, इतकी की पाचाचे अंतर सात होईल. आता कोणतीही एक खूण 'आपली' माना. शेजारची खूण दोन सेंटिमीटर दूर गेली, तिच्या पलीकडची चार, त्यापुढची सहा. जितके अंतर जास्त, तितका वेग जास्त. मग दुसरी खूण 'आपली' माना आणि पुन्हा मोजा. तेच उत्तर येते. प्रत्येकाला वाटते की सगळे आपल्यापासून दूर चालले आहेत, पण मध्यावर कोणीच नाही. पट्टीला दोन टोके असतात, विश्वाला अशी टोके आढळलेली नाहीत, एवढा फरक मात्र मुलांना सांगायला हवा.

जन्म एका दिवसाचा नव्हे

दुसरा दोष एकाच नायकाचा. सिद्धांताची सुरुवात दुर्बिणीपाशी झाली नाही, कागदावर झाली. रशियातील पेट्रोग्राड येथे अलेक्झांडर फ्रीडमन यांनी १९२२ मध्ये आइन्स्टाइन यांच्या समीकरणांतून दाखवले की विश्व स्थिर असण्याची गरज नाही. ते प्रसरण किंवा आकुंचन पावू शकते. आइन्स्टाइन यांनी आधी या गणितात चूक काढली आणि १९२३ मध्ये ती हरकत मागे घेतली. फ्रीडमन १९२५ मध्येच वारले.

बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये, फ्रीडमन यांचे काम माहीत नसताना, तेच गणित केले. त्यांनी एक पाऊल पुढे टाकून ते निरीक्षणांशी जोडले. दीर्घिकांच्या प्रकाशातील ताम्रसृती, म्हणजे वर्णपटातील रेषांचे तांबड्या टोकाकडे सरकणे, अमेरिकेत व्हेस्टो स्लायफर १९१२ पासून मोजत होते. लमेत्र यांनी असे वेग आणि दीर्घिकांची अंतरे घेऊन प्रसरणाचा दर काढला, तोही हबल यांच्या आधी दोन वर्षे. पण लेख फ्रेंचमध्ये होता आणि फारशा न वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकात आला होता. १९३१ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले, तेव्हा नेमका तो भाग गाळलेला होता. कोणी तरी मुद्दाम गाळला असावा, असा संशय बरीच वर्षे होता. २०११ मध्ये मारिओ लिव्हिओ यांनी जुना पत्रव्यवहार तपासून दाखवले की भाषांतर स्वतः लमेत्र यांनीच केले होते आणि तोपर्यंत अधिक चांगली निरीक्षणे हाती आल्यामुळे त्यांनीच तो भाग वगळला होता. या नियमाला 'हबल-लमेत्र नियम' म्हणावे, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २०१८ मध्ये केली.

'विश्वाला आरंभ होता' हे विधान या सगळ्यानंतरचे आहे. ते लमेत्र यांनी ९ मे १९३१ च्या 'नेचर'मधील एका छोट्या पत्रात मांडले. म्हणजे प्रसरण ही एक गोष्ट झाली आणि आरंभ ही दुसरी. आपल्या चार वाक्यांच्या गोष्टीत या दोन्ही एकमेकींत मिसळतात.

लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरूही होते. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी या सिद्धांतात धर्मग्रंथातील निर्मितीला दुजोरा पाहिला, तेव्हा लमेत्र यांना ते रुचले नाही. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नापासून अलग ठेवावा, असे त्यांचे मत होते. 'हे सर्व आमच्या ग्रंथांत आधीच होते' असे जिथे-जिथे ऐकू येते, तिथे हे उदाहरण सांगण्यासारखे आहे. प्राचीन काव्यातली जिज्ञासा थोर असते, पण प्रसरणाचा दर काढण्यासाठी अंतर आणि वेग मोजावेच लागतात.

विरोधकांचे देणे

तिसरा दोष आम्हाला सर्वात गंभीर वाटतो. आपल्या गोष्टीत विरोधक नाहीतच. असलेच तर हरलेले, हट्टी लोक म्हणून येतात. प्रत्यक्षात या विरोधकांशिवाय सिद्धांत उभाच राहिला नसता.

हबल यांच्या वेळच्या प्रसरणाच्या दरावरून विश्वाचे वय सुमारे २०० कोटी वर्षे निघत होते. किरणोत्सारी पद्धतीने काढलेले पृथ्वीचे वय त्याहून जास्त येत होते. आईपेक्षा लेक थोरली, असा हा प्रकार! अशा वेळी शंका घेणाऱ्याला हट्टी कसे म्हणणार? १९४८ मध्ये हरमान बाँडी, थॉमस गोल्ड आणि फ्रेड हॉईल यांनी 'स्थिर स्थिती'चा सिद्धांत मांडला. विश्व प्रसरण पावते, पण रिकाम्या होणाऱ्या जागेत नवे द्रव्य सतत निर्माण होत राहते, त्यामुळे विश्व नेहमी सारखेच दिसते. आरंभ नाही आणि अंतही नाही. दूरचे विश्व, म्हणजेच पूर्वीचे विश्व, आजच्यासारखेच दिसले पाहिजे, हे त्याचे भाकीत स्पष्ट होते. स्पष्ट होते म्हणूनच ते तपासता आले.

त्याच वर्षी जॉर्ज गॅमॉव्ह आणि राल्फ आल्फर यांनी सर्व मूलद्रव्ये आरंभीच्या अतितप्त विश्वात तयार झाली असे सुचवले. आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी पुढे जाऊन त्या उष्णतेचा अवशेष आज सुमारे ५ केल्व्हिन तापमानाच्या प्रारणाच्या रूपात सापडेल असे भाकीत केले. हॉईल यांचे म्हणणे वेगळे होते: मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटात बनतात. १९५७ मध्ये मार्गारेट व जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि हॉईल यांनी ते सविस्तर मांडले. कार्बन, ऑक्सिजन, लोखंड यांबाबत हॉईल बरोबर निघाले. मात्र विश्वातील साध्या द्रव्याच्या वस्तुमानाचा सुमारे चौथा हिस्सा हेलियम आहे, आणि एवढा हेलियम तारे बनवू शकत नाहीत. हे १९६४ मध्ये गणित करून कोणी दाखवले? रॉजर टेलर आणि खुद्द हॉईल यांनी! विरोधकाने केलेले हे गणित आज महास्फोटाच्या मुख्य आधारांत गणले जाते.

१९६५ मध्ये आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनी सारखेच येणारे सूक्ष्मतरंगी प्रारण सापडले. १९९० मध्ये 'कोबे' उपग्रहाने त्याचा वर्णपट दाखवला. तो आदर्श कृष्णवस्तूच्या वर्णपटाशी इतका जुळला की शंकेला फारच थोडी जागा उरली. त्याचे तापमान २.७ केल्व्हिन आहे.

नारळीकरांचे काय?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. विश्वाच्या या चर्चेशी नारळीकर घराण्याचा संबंध जुना आहे. लमेत्र यांचे काम जगापुढे येत होते, त्या सुमारास विष्णू वासुदेव नारळीकर केंब्रिजला शिकत होते. पुढे बनारस हिंदू विश्वविद्यालयात त्यांनी सापेक्षता संशोधनाची परंपरा उभी केली. त्यांचे पुत्र जयंत केंब्रिजला हॉईल यांचे विद्यार्थी झाले. १९६१ मध्ये मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोतांच्या गणनेवरून स्थिर स्थिती चुकीची ठरते असे जाहीर केले, तेव्हा त्याला उत्तर देण्याच्या कामात हा बावीस वर्षांचा तरुण होता. १९९३ मध्ये हॉईल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी स्थिर स्थितीचे सुधारलेले रूप मांडले. सगळे विश्व ज्या एका क्षणी सुरू झाले तिथे भौतिकीचे नियमच थांबतात. प्रयोगशाळेत न सापडलेल्या गोष्टी गृहीत धरून सिद्धांताला ठिगळे लावली जातात, हे त्यांचे आक्षेप होते.

आमच्या मते यातला पहिला आक्षेप आजही खरा आहे. शून्य क्षणी काय झाले ते कोणालाही ठाऊक नाही. सिद्धांत खात्रीने सांगतो ते त्यानंतरच्या उष्ण, दाट विश्वाबद्दल. दुसराही हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण कृष्णद्रव्य कशाचे बनले आहे हे अजून कळलेले नाही. विश्वाचे प्रसरण वाढत्या वेगाने होत आहे असे १९९८ मध्ये दिसले. अशी वेगवाढ जुन्या स्थिर स्थितीत मुळापासून होती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

पण आक्षेप खरा असला म्हणून पर्याय खरा ठरत नाही. सूक्ष्मतरंगी प्रारणाचे स्पष्टीकरण देण्यासाठी सुधारलेल्या सिद्धांताला अवकाशात धातूच्या सुयांसारख्या कणांची धूळ गृहीत धरावी लागली. म्हणजे ठिगळ इथेही आलेच. त्या प्रारणातील लाखात एक भाग इतक्या सूक्ष्म चढउतारांचा नकाशा पुढे मिळाला, आणि तो महास्फोटाच्या चौकटीत मोजक्या सहा आकड्यांनी जुळतो. इतकी जुळणी पर्यायी सिद्धांताला साधली नाही. या वादात नारळीकरांची बाजू टिकली नाही, हे स्पष्टपणे म्हणायला आम्हाला संकोच वाटत नाही, आणि त्याने त्यांचे मोठेपण कमी होत नाही.

त्यांचे मोठेपण कशात, ते एका घटनेतून सांगता येईल. पुण्याच्या 'आयुका' संस्थेचे ते १९८८ पासूनचे संस्थापक संचालक. ते संचालक असतानाच, २००० मध्ये, त्या संस्थेतील आर. श्रीआनंद यांनी पॅट्रिक पेतीजाँ आणि सेड्रिक लदू यांच्यासह दूरच्या एका वायुमेघाच्या प्रकाशावरून पूर्वीच्या विश्वातील प्रारणाचे तापमान काढले. महास्फोटाचे भाकीत ९.१ केल्व्हिनचे होते. मोजमाप ६ ते १४ केल्व्हिनच्या दरम्यान आले. जुन्या स्थिर स्थितीत हे तापमान आजच्याइतकेच असायला हवे होते. ज्यांना महास्फोट मान्य नव्हता, त्यांनी उभारलेल्या संस्थेतून महास्फोटाला आधार देणारे काम झाले आणि 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. मतभेदाला असे घर बांधून देणे सर्वांना जमत नाही.

वर्गात काय सांगावे

शिक्षकांनी 'मतभेद असतातच' एवढ्यावर थांबू नये, असे आम्हाला सुचवावेसे वाटते. त्याने मुलाला वाटते की विज्ञानात सगळीच मते सारखी. 'नारळीकर चुकले' एवढेच म्हणूनही थांबू नये. त्याने मुलाला वाटते की विज्ञान म्हणजे बहुमत. फळ्यावर दोन रकाने आखावेत. एकात महास्फोट, दुसऱ्यात स्थिर स्थिती. प्रत्येकाने काय भाकीत केले, काय मोजले गेले आणि कोणाचे जुळले, ते मुलांनीच भरावे. हेलियम, पार्श्वभूमीचे प्रारण, पूर्वीचे तापमान, वाढता वेग, शून्य क्षण या पाच ओळी पुरतात. शेवटच्या ओळीत दोन्ही रकान्यांत प्रश्नचिन्ह येईल. ते पुसू नये.

त्या मुलाला उत्तर असे देता येईल: बाळ, आजवरची मोजमापे महास्फोटाच्या बाजूने आहेत. ती इतक्या काटेकोरपणे घ्यावी लागली, कारण नारळीकरांसारखी माणसे 'पुरावा दाखवा' म्हणत समोर उभी होती.